विश्लेषण : ज्वालामुखीच्या उजाड बेटावर लोक आठवडाभर गाडीने फिरतात, मग जामसंडेचा कातळसडा ‘पडीक’ कसा?

झाडे जवळपास नाहीत. वाहती नदी नाही. मैलोन्‌मैल काळा खडक आणि राखेचे डोंगर. स्पेनच्या ताब्यातील लँझारोटे या बेटाचे हे वर्णन. तरीही वर्षाला ३० लाखांहून अधिक पर्यटक तिथे जातात. त्यातले अनेक जण विमानतळावरच भाड्याची गाडी घेतात आणि आठवडाभर निवांत भटकतात. कुठेही पोहोचायची घाई नसते. उजाड जमीन पाहणे हाच सहलीचा हेतू असतो.

आता सिंधुदुर्गात या. मुंबई-गोवा महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यावरून गाडी देवगडकडे वळते. जामसंडे जवळ येऊ लागते तसे दोन्ही बाजूंना काळपट-तांबडा कातळ पसरलेला दिसतो. गाडीतले पर्यटक मोबाइलमधून मान वर करतात, ‘इथे काहीच नाही’ म्हणतात आणि समुद्र कधी येणार ते विचारतात.

लँझारोटे आणि जामसंडे या दोन्ही ठिकाणचा खडक मूळचा लाव्हाचाच. एका ठिकाणी त्यावर अख्ख्या बेटाचे अर्थकारण उभे राहिले. दुसऱ्या ठिकाणी तो सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदला गेला. हा फरक कशामुळे पडला आणि कोकणात गाड्यांची वर्दळ वाढत असताना तो महत्त्वाचा का आहे?

लँझारोटेत नेमके काय आहे?

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी द्वीपसमूहातले हे बेट. क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटरच्या आसपास.

१ सप्टेंबर १७३० रोजी इथे ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला आणि तो १७३६ पर्यंत, म्हणजे जवळपास सहा वर्षे थांबून थांबून चालू राहिला. बेटाचा सुमारे चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. गावे आणि चांगली शेतजमीन गाडली गेली, अनेक कुटुंबांना बेट सोडावे लागले.

या लाव्हाच्या जमिनीला स्पॅनिशमध्ये ‘मालपाईस’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे : वाईट जमीन. आपल्या ‘पोटखराबा’चा हा सख्खा भाऊच.

मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी मात्र एक गोष्ट हेरली. राखेचा थर रात्रीचा ओलावा धरून ठेवतो. त्यांनी राखेत खोल खड्डे खणले, खालच्या जुन्या मातीत द्राक्षाची वेल लावली आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून खड्ड्याभोवती दगडांचा अर्धगोल गडगा रचला. ला हेरिया भागातले असे हजारो खड्डे पाहायला आज पर्यटक थांबतात.

देवगडच्या बागायतदारांना हे तंत्र ओळखीचे वाटेल. इथल्या अनेक हापूस बागा अशाच उभ्या राहिल्या आहेत. कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचे. ज्या हापूसच्या पेटीवर ‘देवगड’ हे नाव पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, तो आंबा बऱ्याचदा या ‘खराब’ जमिनीतून आलेला असतो.

‘वाईट जमीन’ पर्यटनाचे भांडवल कशी झाली?

याचे बरेचसे श्रेय सेसार मानरिके (१९१९-१९९२) या लँझारोटेच्या चित्रकार-शिल्पकाराला दिले जाते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काही काळ काढून तो बेटावर परतला, तेव्हा स्पेनच्या किनाऱ्यांवर उंच हॉटेलांची रांग लागत होती. आपल्या बेटावर तसे होऊ नये, असा आग्रह त्याने धरला आणि बेटाच्या स्थानिक सरकारने त्याला साथ दिली.

त्यातून काही गोष्टी ठरल्या. घरे बुटकी आणि पांढरी. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत. लाव्हाच्या नैसर्गिक बोगद्यात सभागृह आणि तलाव. ही ठिकाणे स्थानिक सरकारची संस्था चालवते, त्यामुळे तिकिटाचा पैसा सार्वजनिक तिजोरीत राहतो.

उद्रेकाचा मुख्य भाग १९७४ मध्ये ‘तिमानफाया राष्ट्रीय उद्यान’ म्हणून राखून ठेवला गेला. तिथला नियम पाहण्यासारखा आहे. पर्यटकांची गाडी ठरलेल्या वाहनतळापर्यंतच जाते. पुढचा ज्वालामुखीचा फेरा उद्यानाच्या बसमधूनच करायचा. गाडी लाव्हावर घालणे तर दूरच, मनाला येईल तिथे पायी उतरण्यासही मनाई आहे. गाडीने हिंडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बेटाने आपला सर्वात मोलाचा भाग गाडीपासून असा वाचवला आहे. १९९३ मध्ये युनेस्कोने संपूर्ण बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

जामसंडेच्या सड्याचा ज्वालामुखीशी संबंध काय?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्यातून काळा बसाल्ट तयार झाला. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे तो लाखो वर्षे झिजत गेला. विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमचा अंश मागे राहून कडक, सच्छिद्र, तांबडा थर झाला. तोच जांभा. कोकणातली घरे ज्या चिऱ्याने बांधतात, तो याच थरातून कापला जातो.

म्हणजे जामसंडे काही ज्वालामुखीचे बेट नाही आणि तिथे उद्रेकाचा धोकाही नाही. पण पायाखालच्या कातळाचे मूळ लाव्हातच आहे. दख्खनच्या या लाव्हाची दक्षिण हद्द सिंधुदुर्गातच संपत जाते. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर उभा आहे, तिथला खडक लाव्हाचा नाही, त्याहून कितीतरी जुना आहे. देवगड ते मालवण या एका दिवसाच्या प्रवासात गाडी पृथ्वीच्या इतिहासाची दोन वेगवेगळी पाने ओलांडते. रस्त्यावर हे सांगणारा फलक सहसा दिसत नाही.

भारतात खराखुरा जिवंत ज्वालामुखी असलेले बेटही आहे. अंदमान समुद्रातले ‘बॅरन आयलंड’. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘उजाड बेट’ असा होतो. पण तिथे वस्ती नाही, रस्ते नाहीत. पर्यटकांना ते जहाजातूनच पाहावे लागते. गाडीने फिरण्याजोगी लाव्हाची भूमी पाहायची, तर मराठी माणसासाठी कोकणचे सडेच जवळचे.

सडा खरेच उजाड आहे का?

एप्रिलमध्ये पाहिले तर हो. कातळ तापलेला, गवत वाळलेले, सावली नाही.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की चित्र बदलते. खोलगट भागात डबकी साचतात. बोटभर मातीतून गवत आणि फुलझाडे उगवतात. त्यांत कीटक खाणाऱ्या वनस्पतीही असतात, कारण इथल्या मातीत नत्र कमी आणि ती कसर कीटकांतून भरून निघते. ‘दीपकाडी कोंकणेन्से’ हे पांढरे फूल तर कोकणातल्या अशाच सड्यांवर आढळते. बेडूक आणि बिनपायाचे उभयचर देवगांडूळ यांचाही हा अधिवास. सड्याचे रूपांतर आमराईत किंवा भातशेतीत केले की यातल्या काही खास प्रजाती कमी होतात, असे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांना उत्तर पश्चिम घाटातल्या पठारांवर आढळले आहे.

सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी पुढे पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. सड्याखाली वसलेल्या वाड्यांसाठी हा फुलांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा आहे.

आणि सड्यावर माणसाच्या खुणा आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जमिनीलगतच्या कातळात कोरलेली शेकडो चित्रे सापडली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी येथील हत्तीचे चित्र सुमारे १८ मीटर लांब आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत दिसतो. कोकण आणि गोव्यातल्या अशा ९ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यात सिंधुदुर्गातले ठिकाण आहे मालवण तालुक्यातील कुडोपी.

जामसंडेत मुक्काम ठेवून आठवडाभर काय पाहता येईल?

देवगड आणि जामसंडे ही जोडगावे, नगरपंचायतही एकच. मुक्कामाला इथे थांबले तर रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत नाही.

पहिला दिवस देवगडचा किल्ला, दीपगृह, पवनचक्क्या आणि बंदर यांतच जातो. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर आणि पुढे मिठबावचा किनारा हा दुसरा दिवस. उत्तरेला विजयदुर्ग आणि वाटेत गिर्ये येथील रामेश्वर मंदिर, जिथे कातळ खोदून केलेल्या वाटेने खाली उतरावे लागते. दक्षिणेला आचरा, मालवण आणि कुडोपीची कातळशिल्पे. एक दिवस गावातला जाणकार सोबत घेऊन फक्त सड्यावर पायी. उरलेला वेळ खाडीकाठी किंवा आमराईत, काही न करता.

हे सगळे आजही आहे. अडचण अशी की बहुतेक पर्यटक एका रात्रीपुरते थांबतात किंवा देवगड वगळून थेट मालवण-गोवा गाठतात. एका रात्रीच्या पाहुण्याकडून खोलीचे भाडे आणि एक मासळीचे जेवण एवढेच मिळते. आठवडाभर राहणारा माणूस खानावळीत जेवतो, वाटाड्या घेतो, गाडी दुरुस्त करतो, आमसुले आणि आंबापोळी विकत घेतो. त्याचा खर्च गावात जास्त हातांत पसरतो.

देवगडसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण जिल्ह्याचे पर्यटन किनाऱ्याभोवती आणि सुट्ट्यांभोवतीच फिरते. देवगड तालुक्याचा मोठा आधार हापूस, आणि तो वर्षातल्या दोन-तीन महिन्यांचा धंदा. अवकाळी पाऊस, वाढते तापमान आणि फुलकिडे यांनी त्याचीही शाश्वती कमी केली आहे. जून-जुलैत मासेमारी बंद. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवाही बंद. त्यामुळे निवास-न्याहारीवाल्यांचे हे महिने रिकामे जातात.

नेमका त्याच काळात सडा फुलतो. समुद्र बंद असताना पाहुण्यांना दाखवण्याजोगी जी गोष्ट तालुक्याकडे आहे, ती हीच.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका ‘पडीक’ या शब्दाचा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत खडकाळ जमीन हा एक वर्ग असतो. सातबाऱ्यावर सड्याची नोंद पोटखराबा किंवा वरकस अशी असते. कागदावर खराब ठरलेली जमीन खाणीला, प्रकल्पाला किंवा प्लॉटिंगला देताना फारसा विचार होत नाही.

देवगडने हे जवळून पाहिले आहे. २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पात राजापूर तालुक्यातल्या गावांबरोबर देवगडची गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही होती. विरोधानंतर २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. पुढे प्रकल्पासाठी बारसूचे नाव आले आणि २०२३ मध्ये माती परीक्षणावरून तिथे आंदोलन पेटले. जमीन ओसाडच आहे, असे प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जात होते. त्याच बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. रोजगार हवा की नको, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. पण त्या सौद्यात सड्याची किंमत शून्य धरली जाते, हे बारसूने दाखवले.

दुसरा धोका खुद्द पर्यटकांचा. रेवस ते रेड्डी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग आणि त्यावरचे मोठे खाडीपूल राज्य सरकारने हाती घेतले आहेत. त्यात कुणकेश्वरजवळच्या पुलाचाही समावेश आहे. तो पूर्ण झाला की गाड्या वाढणार, हे उघड आहे.

सडा सपाट आणि मोकळा असतो. कुंपण नसते. त्यामुळे रीलसाठी गाडी थेट कातळावर घालण्याचा मोह होतो. पावसाळ्यात बोटभर मातीवरून एक टायर गेला तरी फुले आणि डबक्यातले जीव चिरडतात. कातळशिल्पे तर जमिनीलगतच असतात. ओळखता आली नाहीत तर त्यांच्यावरूनच चाके जातात. सडा पाहण्याचा सर्वात चांगला काळ आणि त्याला सर्वात जास्त इजा होण्याचा काळ एकच, ही यातली खरी अडचण.

यावर महाराष्ट्रात उपाय झाला आहे का?

झाला आहे, साताऱ्याजवळच्या कास पठारावर. तेही जांभ्याचेच पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाल्यावर गर्दी लोटली आणि फुले तुडवली जाऊ लागली. नंतर हंगामात दिवसाला सुमारे तीन हजार पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, प्रवेश शुल्क आणि गाड्या लांब थांबवून पुढे बस अशी व्यवस्था आली. आसपासच्या गावांच्या समित्यांना त्यात काम मिळाले. तिमानफायात जे होते, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

मात्र कासचा नमुना जामसंडेला जसाच्या तसा लागू होणार नाही. कासमध्ये वनखात्याचा हात मोठा आहे. कोकणातले बहुतेक सडे खासगी किंवा सामाईक मालकीचे आहेत. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. किनारा सीआरझेडच्या नियमांत येतो, जंगल वनकायद्यात येते. सडा दोन्हींच्या मधे पडतो.

मग वाट कोणती? जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या मदतीने एखादी जागा ‘जैविक वारसा स्थळ’ जाहीर करता येते. सिंधुदुर्गातच याचे उदाहरण आहे. आंबोलीतले हिरण्यकेशी मंदिराचे कुंड आणि नदीउगम, तिथे सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीमुळे २०२१ मध्ये वारसा स्थळ झाले. अशा घोषणेने जमिनीची मालकी बदलत नाही, वापराचे नियम ठरतात. पण जमीनमालकाला त्यातून काही मिळणार नसेल तर तो चिरेखाणीलाच जमीन देईल. म्हणून प्रवेश शुल्क आणि वाहनतळाच्या उत्पन्नातला वाटा मालकांना आणि गावाला मिळण्याची सोय आधी हवी.

लँझारोटेचे सगळेच अनुकरण करावे का?

नाही. त्या बेटाची दुसरी बाजूही आहे. २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. पर्यटकांना घरे भाड्याने दिल्याने स्थानिकांना घर परवडत नाही, पाण्यावर ताण येतो आणि पगार मात्र वाढत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ‘कॅनरीला मर्यादा आहे’ हे त्या आंदोलनाचे नाव होते. २०२५ मध्येही पुन्हा मोर्चे निघाले.

लँझारोटे पिण्याचे पाणी समुद्रातून गोडे करून मिळवते. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही सड्यावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओरड असते. उन्हाळ्याच्या गर्दीत आणखी हॉटेले वाढवली तर तोच ताण वाढेल. पावसाळ्यात येणाऱ्या मोजक्या, पण जास्त दिवस राहणाऱ्या पाहुण्यांचा विचार इथे अधिक परवडणारा आहे.

पुढे काय?

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीतून अंतिम यादीकडे जातात का आणि त्याआधी त्यांच्याभोवती साधे कुंपण व फलक लागतात का? सागरी महामार्ग होत असताना सड्यांच्या कडेला वाहनतळांची जागा आधीच ठरते का, की प्लॉटिंगच्या पाट्या आधी लागतात? आणि सड्याखालच्या गावांच्या ग्रामसभा आपापल्या सड्याची नोंद जैवविविधता नोंदवहीत करतात का?

तोवर देवगडला जाणाऱ्या पर्यटकाला करता येण्याजोगी गोष्ट सोपी आहे. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी, गावातला एखादा जाणकार सोबत घ्यावा आणि सड्यावर पायीच जावे. जमल्यास एका रात्रीऐवजी तीन-चार रात्री थांबावे.